एक विपळ

मनगटी घड्याळ उघडल्यावर सगळ्यात आधी करायची गोष्ट म्हणजे त्यातला जोर काढून घेणं. चावी चिमटीत घट्ट धरायची, आतल्या दात्यांना अडवून बसलेली इवलीशी क्लिक चिमट्याने बाजूला दाबायची आणि चावीला बोटांमधून हळूहळू मागे सरकू द्यायचं. मेनस्प्रिंगमध्ये भरून ठेवलेला, अजून न खर्चलेला सबंध दिवस काही क्षणांत बोटांच्या कातडीला घासत निघून जातो. हे न करता चाकांना वरून धरून ठेवणारा पूल उचलला, तर साठलेला सगळा जोर एकदम चाकांच्या दातांवर येतो. घड्याळदुरुस्तीच्या नादी लागलेल्या नवशिक्याला वेळ पहिल्यांदा भेटतो तो असा, निव्वळ ताण म्हणून. काटे, आकडे, तारीख ही सगळी तबकडीच्या पलीकडची मंडळी.

शिकायला घड्याळ कुठलं घ्यावं, यावर हौशी लोकांत फारसा वाद नाही. एचएमटी. बंगळुरूचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने सुरू झाला, आणि पुढे ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’ यांनी देशाची मनगटं भरली. २०१६ साली केंद्र सरकारने ही घड्याळकंपनी बंद करायला मंजुरी दिली, तरी मशीनं इतकी बनून गेली आहेत की सुटे भाग अजून मिळतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलं की चादरीवर बंद पडलेल्या एचएमटींचा ढीग दिसतो. त्यांतल्या पुष्कळांच्या तबकड्या नव्याने रंगवलेल्या असतात. कंपनीने कधी न काढलेल्या नारिंगी-जांभळ्या रंगांत ‘पायलट’ हे नाव जरा वाकडंच उमटलेलं असतं. जाणकार अशा घड्याळांना नाकं मुरडतात. मला मात्र त्यांचा उपयोग पटतो. ज्याची अब्रू आधीच गेलेली आहे, त्याच्यावर हात बसवायला भीती वाटत नाही.

आणि मागचं झाकण उघडलं की एक दस्तऐवजच हाती लागतो. झाकणाच्या आतल्या अंगाला सुईने ओरखडलेल्या बारीक खुणा असतात: एखादी तारीख, दोन अक्षरं, नुसताच एखादा आकडा. ज्या ज्या घड्याळजीने ते मशीन धुतलं, तेल दिलं, त्याने आपली नोंद तिथे करून ठेवलेली. मालकाला त्या कधी दिसत नाहीत, दिसाव्यात अशी अपेक्षाही नसते. ते एका कारागिराने पुढच्या अनोळखी कारागिराला लिहिलेलं असतं. भिंग डोळ्याला लावून त्या खुणा वाचण्यात माझा वेळ दुरुस्तीपेक्षा जास्त जातो हे खरं आहे. आपलीही खूण तिथे करावी का, हा प्रश्न मी अजून लांबणीवर टाकलेला आहे. त्या रांगेत उभं राहायला काहीतरी पात्रता लागत असावी.

स्क्रू सुटतात. पुष्कळ मशीनांत एखादा स्क्रू उलट्या आट्यांचा असतो आणि त्याच्या डोक्यावर ओळखीसाठी तीन रेघा कोरलेल्या असतात. त्या न पाहता नेहमीच्या बाजूला जोर लावला की डोकंच तुटून येतं. चिमटा घट्ट धरला की भाग उडतो, सैल धरला की पडतो. १७ ज्वेल्स म्हटल्यावर घरच्यांचे डोळे चमकतात, पण ती माणकं कारखान्यातली. फ्रान्सच्या वेर्नुईने १९०२ साली कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केल्यापासून त्यांचं मोल त्यांच्या कठीणपणापुरतंच उरलं आहे.

मग बॅलन्स, म्हणजे झोके घेणारं चाक. त्याला धरून असलेला पूल उचलला की त्याच्याबरोबर हेअरस्प्रिंगला लोंबकळत आख्खं चाक वर येतं, आणि पहिल्यांदा हे करणाऱ्याचा श्वास आपोआप थांबतो. शिवराज्याभिषेकाला अजून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा १६७५ साली पॅरिसमध्ये ख्रिस्तियान हायगेन्सने ही सर्पिल कमान बॅलन्सला जोडल्याचं जाहीर केलं. ती कल्पना आधी माझी, म्हणून लंडनच्या रॉबर्ट हुकने त्याच्याशी भांडण मांडलं. भांडण्यासारखीच वस्तू आहे ती. तिच्याआधी खिशातलं घड्याळ ही श्रीमंतांची शोभा होती; तिच्यानंतर त्याला मिनिटकाटा लावण्यात अर्थ आला.

एचएमटीच्या या मशीनचं बॅलन्स तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. एकदा जाऊन परत यायला दोन ठोके, म्हणून एका पुऱ्या झोक्याला सेकंदाचे चार दशांश. हा आकडा कागदावर मांडताना मी अडखळलो. आपल्या जुन्या मोजणीत दिवसाच्या ६० घटका, घटकेची ६० पळं, पळाची ६० विपळं. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांना २,१६,००० विपळांनी भागलं, की येतात सेकंदाचे चार दशांशच. म्हणजे जपानी आराखड्याचं, बंगळुरूत बनलेलं हे चाक एका झोक्यात बरोबर एक विपळ मोजतं. यात गूढ काही नाही, साठाच्या पाढ्याची करामत आहे. पण लग्नात पाण्याच्या घंगाळात घटिकापात्र सोडून ते बुडण्याची वाट पाहणाऱ्यांना विपळ दाखवता आलं नसतं. ते पंचांगाच्या गणितात होतं, डोळ्यांना नव्हतं. इथे ते डोळ्यांसमोर डोलतं.

आणि प्रत्येक ठोक्याला घड्याळ थांबतं, हे तर आत पाहिल्याशिवाय पटलंच नसतं. लंडनच्या टॉमस मजने १७५० च्या दशकात शोधलेला लिव्हर शेवटच्या चाकाचा, एस्केप व्हीलचा, एक दात अडवतो, सोडतो, लगेच पुढचा अडवतो. टिकटिक हा चालण्याचा आवाज नसून अडवण्याचा आहे. तो अडसर काढला आणि मेनस्प्रिंगमध्ये जोर असला, तर सगळी चाकं गरगर फिरून क्षणात मोकळी होतात. वेगाने जाण्यात घड्याळाला काही अडचण नाही. सगळी कारागिरी खर्ची पडली आहे ती न जाण्यावर.

सोडवणं तासाभरात होतं. जोडायला रविवार पुरत नाही. सगळ्यात चिवट काम पूल परत बसवण्याचं. खाली चाकं आपापल्या भोकांत उभी असतात आणि वरच्या पुलातल्या माणकांच्या छिद्रांत त्यांची केसाएवढी टोकं सगळी एकदम जायला हवीत. एकाच हाताने चार सुयांत एका वेळी दोरा ओवण्याचा हा प्रकार आहे. एक टोक बसतं, दुसरं निसटतं. इथे जोर लावणं म्हणजे टोक मोडणं. पूल बोटाने नुसता टेकवून धरायचा, चाकांना चिमट्याने कणभर ढकलत राहायचं आणि काहीही घडत नसताना बसून राहायचं. मग केव्हातरी पूल आपल्या वजनानेच खाली बसतो. पहिलं चाक जरा हलवलं की शेवटचं भिरभिरतं, तेव्हा समजायचं जमलं.

तेलाच्या बाबतीत माझे सल्लागार म्हणजे पेठेतले एक वयस्कर घड्याळजी. त्यांची शिकवण एका ओळीची: तेल दिसलं तर जास्त झालं. लिव्हरच्या टोकांना तर थेंबही नाही. ते दिवसाला जितकी घड्याळं हातावेगळी करतात, तितकी माझी वर्षात होणार नाहीत, आणि माझ्या निवांतपणाला कुणी भाडं मागत नाही, याची जाणीव त्यांच्या स्टुलावर बसलं की होते. हौशी माणसाने संयमाचं कौतुक सांगताना हे विसरू नये. गिऱ्हाईक संध्याकाळी पाचला येणार असतं, तेव्हा तो पूल त्यांना पहिल्याच खेपेला बसवावा लागतो.

माझी ‘जनता’ आता चालते. ठोके ऐकून चूक सांगणारं अॅप फोनमध्ये आहे; त्याच्या मते तबकडी वर करून ठेवली की ती दिवसाला अर्धा मिनिट पुढे जाते आणि उभी ठेवली की थोडी रेंगाळते. आडवं असताना बॅलन्स आपल्या बारीक टोकावर तोललेलं असतं, उभं केलं की त्या टोकाची बाजू घासते. म्हणून मी रात्री तिला पुस्तकांना टेकवून उभी करतो, दिवसा मिळवलेले सेकंद थोडेफार वळते होतात. ही युक्ती घड्याळजींना जरा अभिमानाने सांगितली.

“कशाला रात्रभर उभं करता बिचाऱ्याला?” ते भिंग कपाळावर सरकवत म्हणाले. “रेग्युलेटरला चिमट्याचं टोक लावा, केसभर स्लोकडे. अख्खं मशीन खोललंत, जोडलंत, आणि एवढ्याला घाबरता होय?”

“घाबरतो, काका.”

“मग आणा इकडे,” ते म्हणाले. “पण शंभर रुपये पडतील.”