मुक्या जिवाला टॉनिकचा मारा कशाला?

आपल्या वस्त्यांमधून आता कुत्रा पाळणारी घरे वाढली आहेत. पूर्वी चाळीच्या तोंडाशी एखादे गावठी कुत्रे असे. ते सगळ्यांचे असे आणि कोणाचेच नसे. उरलेली भाकरी, कालवणाचा रस्सा आणि पोरांचे प्रेम यावर त्याचे दिवस निघत. आता मुले लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन अशी विकतची पिल्ले आणतात. पिल्लाबरोबर गळ्याचा पट्टा येतो, खाण्याचे भांडे येते आणि त्याच पिशवीतून कॅल्शियमची बाटलीही येते. या बाटलीविषयी आज आम्हाला चार शब्द लिहायचे आहेत.

काही वाचक विचारतील, समाजापुढे शिक्षणाचा, नोकरीचा, घराचा प्रश्न उभा असताना कुटुंबाच्या पानावर कुत्र्याची चर्चा कशाला? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे, कुत्री-मांजरे पाणी पीत होती आणि आपल्या आज्या-पणज्यांना मात्र तेथे बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा ती बंदी मोडली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. कुत्री आणि गाढवे हीच चांडाळांची मालमत्ता, असे याच ग्रंथाने ठरवून दिले होते. ही जखम आम्ही विसरलेलो नाही. परंतु यात कुत्र्याचा काय दोष? त्याने कोणाला पाण्यावरून हाकलले नाही. हाकलणारी माणसे होती.

शिवाय पंचशीलातील पहिले शील प्राणिमात्रांविषयी आहे, केवळ माणसांविषयी नाही. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचे कोरून ठेवले आहे. म्हणजे जनावरांचा दवाखाना ही आपल्या वारशातीलच गोष्ट आहे. आणि दुसरे कारण अगदी व्यवहाराचे आहे. गरिबाच्या घरातून जो रुपया नको त्या बाटलीवर जातो, तो कोणाच्या तरी वहीपुस्तकातून गेलेला असतो.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारी संध्याकाळी विहारात बसून आम्ही मुलांचे शिष्यवृत्तीचे आणि जातपडताळणीचे अर्ज भरून देतो. तेथे वस्तीतील एक वहिनी आल्या. नवरा सफाई खात्यात, त्या स्वतः एका इस्पितळात आया. “भाऊ, पतपेढीच्या कर्जाचा अर्ज लिहून द्या,” म्हणाल्या. आमचा पेशा कारकुनीचा. कर्जाचा अर्ज लिहिण्यापूर्वी महिन्याचा जमाखर्च कागदावर मांडायचा, ही आमची सवय. किराणा, वीज, गॅस, हप्ता असे करत करत आम्ही ‘इतर’ या रकान्यापाशी आलो. तेथे कुत्र्याची औषधे होती. सिरप, पावडर, केसांसाठीच्या गोळ्या असा तो सगळा खर्च. तो आकडा मुलीच्या दहावीच्या क्लासच्या महिन्याच्या फीएवढा निघाला. आणि क्लास दोन महिन्यांपूर्वी बंद झाला होता.

“कुत्रा आजारी आहे का?” आम्ही विचारले.

वहिनींच्या आधी त्यांची मुलगीच बोलली. “काका, रॉकी आता जिना चढत नाही. पाय वाकडे झालेत त्याचे. म्हणून तर दादाने अजून एक बाटली आणली.”

दुसऱ्या दिवशी आम्ही रजा टाकली आणि त्या दोघा भावंडांना, वहिनींना आणि रॉकीला घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. रॉकी पाच महिन्यांचा लॅब्रेडॉर. अंगाने भरलेला, डोळ्यांनी लाघवी. पण पुढचे दोन्ही पाय बाहेर फाकलेले. टेबलावर ठेवताना तो कण्हला, तशी मुलगी भिंतीकडे तोंड करून रडू लागली.

डॉक्टरांनी आधी एकच प्रश्न विचारला, “खायला काय काय देता?” मुलाने मोठ्या अभिमानाने पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. डॉक्टर प्रत्येक वस्तूवरचे बारीक अक्षर वाचत गेले. मग म्हणाले, “हे बघ, तुझ्या विकतच्या खाद्याच्या पिशवीवर ‘संपूर्ण व संतुलित’ असं लिहिलंय. म्हणजे हाडांना लागतं ते त्यात आधीच घातलेलं आहे. त्यावर हे सिरप, त्यावर ही पावडर, आणि वर रोज अंड्याच्या कवचाची भुकटी. एकाच कर्जाचा हप्ता चारदा भरल्यासारखं झालं की.”

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, आमच्या लेकरांना लहानपणी टॉनिक कधी मिळालं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं तरी आणता आलं नाही. आता चार पैसे येतात. वाटलं, निदान या मुक्याला तरी काही कमी पडू नये.”

“मावशी, माया कमी करू नका. बाटल्या कमी करा,” डॉक्टर म्हणाले.

वहिनींचे ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी दिवस काढले, त्या घरांत ‘जास्त देणे’ म्हणजेच प्रेम, हे समीकरण बसलेले असते. त्यात वाईट काही नाही. परंतु शरीर हे समीकरण मानत नाही. शरीराचा स्वतःचा जमाखर्च असतो आणि तो फार काटेकोर असतो.

कॅल्शियमचेच घ्या. मोठ्या कुत्र्याला आतड्यातून किती कॅल्शियम आत घ्यायचे आणि किती सोडून द्यायचे, हे बऱ्यापैकी आवरता येते. लहान पिल्लाला, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, ते नीट जमत नाही. तुम्ही जितके घालाल त्याचा मोठा वाटा त्याच्या रक्तात उतरतो. नेदरलँड्समधील युट्रेक्ट विद्यापीठात ग्रेट डेन जातीच्या पिल्लांवर याचा अभ्यास झाला आणि तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. काही पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियम १.१ टक्के होते, तर काहींच्या खाद्यात ३.३ टक्के. जास्त कॅल्शियम खाणाऱ्या पिल्लांची हाडे बळकट झाली नाहीत. उलट त्यांची वाढ बिघडली. हाड वाढताना जुना भाग झिजून नवा भाग तयार होत असतो. जादा कॅल्शियमने ही झीज-भर मंदावते आणि कूर्चेचे हाड होण्याचे कामही अडखळते. मग पाय वाकतात, सांधे दुखतात, पिल्लू लंगडते. जी मोठी जात वेगाने वाढते, तिला हा धोका अधिक. पाय वाकडे दिसले की घरची माणसे समजतात, कॅल्शियम कमी पडले. आणि आणखी एक बाटली आणतात.

एवढ्यावर हे थांबत नाही. जादा कॅल्शियम अन्नातील जस्त शरीरात शिरू देत नाही. जस्त कमी पडले की कातडी जाड व खरबरीत होते, खपल्या धरतात, केस गळतात. मग केसांसाठी वेगळी गोळी येते. रॉकीच्या घरी नेमके हेच झाले होते. एका बाटलीने दुसरी बाटली आणली होती आणि दोहोंनी मिळून मुलीचा क्लास बंद केला होता.

‘ड’ जीवनसत्त्वाची गोष्ट याहून गंभीर आहे. काही जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात आणि त्यांचा जादा भाग बहुतेक लघवीवाटे निघून जातो. अ, ड, ई आणि के ही मात्र चरबीत विरघळणारी. ती यकृतात आणि चरबीत साठत जातात. ‘ड’ फार झाले की रक्तातील कॅल्शियम वाढते, ते मूत्रपिंडात साचते आणि मूत्रपिंड निकामी होते. कुत्रा ओकतो, खात नाही, सारखे पाणी पितो, सारखी लघवी करतो. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काही कंपन्यांच्या कोरड्या कुत्रा-खाद्याविषयी इशारा दिला. त्यात ‘ड’ जीवनसत्त्व ठरलेल्या मापाच्या सुमारे ७० पटींपर्यंत गेले होते. नंतर २०१९ साली डब्यातील खाद्यही याच कारणाने बाजारातून परत मागवावे लागले. कारखान्यात मोजून-मापून होणाऱ्या कामात ही चूक होते, तर घरातल्या चमच्याचे काय सांगावे?

आपल्या घरांतून आता माणसांसाठी लिहून दिलेली ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी सर्रास असते. तिच्यावर ६०,००० युनिट असा आकडा छापलेला असतो. आम्ही साधा हिशोब मांडून पाहिला. दहा किलो वजनाचे कुत्रे दिवसाला समजा २०० ग्रॅम कोरडे खाद्य खाते. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने घालून दिलेली कमाल मर्यादा एक किलो कोरड्या खाद्याला ३,००० युनिट इतकी आहे. म्हणजे त्या कुत्र्याची दिवसाची कमाल मर्यादा झाली ६०० युनिट. माणसाची एक पुडी म्हणजे त्याची १०० दिवसांची कमाल मर्यादा एका घोटात!

लोहाच्या गोळीचेही तसेच. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. बाईसाठी ती गोळी मोलाची आहे, ती तिने घ्यावीच. पण गोळीला गोड वेष्टण असते आणि पिल्लाला दात शिवशिवत असतात. दहा गोळ्यांची पट्टी दहा किलोच्या कुत्र्याने चावून खाल्ली तर पोटात ६०० मिलिग्रॅम लोह गेले. म्हणजे किलोमागे ६० मिलिग्रॅम. या मात्रेला रक्ताची ओकारी, पोट-आतड्याला इजा आणि जिवाला धोका संभवतो. काही शुगर-फ्री गोळ्यांत व चघळायच्या जीवनसत्त्वांत झायलिटॉल नावाची साखरेऐवजीची गोडी असते. माणसाला ती चालते. कुत्र्याची मात्र रक्तातील साखर ती झपाट्याने उतरवते आणि यकृतही निकामी करू शकते.

याचा अर्थ सगळी टॉनिके वाईट, असा कोणी घेऊ नये. नुसत्या चपाती-दुधावर किंवा नुसत्या मटणावर वाढणाऱ्या पिल्लाला खरोखर कमतरता येऊ शकते. मटणात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फारच थोडे असते. अशा वेळी डॉक्टर तपासून, वजन पाहून, माप लिहून देतात. ते द्यावे, तेवढेच द्यावे आणि सांगितले तितकेच दिवस द्यावे. तथागतांनी सहा वर्षे देह सुकवून पाहिला आणि त्याआधी राजवाड्यातील सुखही पाहिले. दोन्ही टोके सोडून त्यांनी मध्यम मार्ग सांगितला. तो भांड्यातल्या अन्नालाही लागू आहे.

कालामांना त्यांनी दिलेला उपदेशही येथे आठवतो. कोणी मोठा सांगतो, परंपरा सांगते, म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. आपण अंगारे-धुपारे सोडले, ताईत तोडले. मग पिल्लू विकणारा सांगतो, मोबाईलवरची जाहिरात सांगते, म्हणून बाटली आणायची, हा नवा ताईतच नव्हे काय?

तेव्हा बंधू-भगिनींनो, काही गोष्टी घरात ठरवून टाकाव्यात. पिल्लाला जे जे देता, ते सगळे एका कागदावर लिहा आणि प्रत्येकात काय आहे ते वाचा. इंग्रजी अडत असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. तिचाही अभ्यास होईल. एकच द्रव्य दोन ठिकाणी दिसले तर डॉक्टरांना विचारा. माणसांची औषधे उंच ठेवा. कुत्र्याने गोळ्या खाल्ल्या तर मिठाचे पाणी पाजून ओकवू नका, त्यानेही विषबाधा होते. रिकामी पट्टी हातात घ्या आणि लागलीच दवाखाना गाठा. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक आहेच. गावाकडे गुरांचा सरकारी दवाखाना असतो. तेथे कुत्र्यालाही तपासतात, लाजू नये.

रॉकीच्या बाटल्या त्या दिवशी बंद झाल्या. डॉक्टरांनी फोटो काढायला लावला, खाद्याचे माप ठरवून दिले, वजन आवरायला सांगितले. काही महिन्यांनी तो हळूहळू जिना चढू लागला. डावा पाय मात्र थोडा वाकडा राहिला, तो आता तसाच राहणार. कर्जाचा अर्ज आम्ही लिहिला, पण कमी रकमेचा. मुलगी पुन्हा क्लासला जाऊ लागली.

मुक्या जिवाला आपले दुखणे सांगता येत नाही आणि नको असलेली बाटली नाकारताही येत नाही. त्याच्या वतीने विचार करणे हे आपले काम. प्रेम भरपूर करा, माप मात्र डॉक्टरांना विचारा.

जयभीम!