मोटारीची पाठ

मनुष्याचें वय त्याच्या केसांवरून ओळखतात, घोड्याचें दांतांवरून. पण मोटारीचें वय ओळखावयाचें असेल तर तिच्या पाठीमागें जाऊन उभें राहावें, असें माझें मत आहे. रंग पुन्हां लावतां येतो, गाद्या नव्या शिवतां येतात, दिव्यांच्या कांचा बदलतां येतात. पण मोटारीची मागची बाजू एकदां बसली, कीं कोणतीहि सजावट तिचें वार्धक्य झांकूं शकत नाहीं. मागचा पत्रा चाकांच्या डोक्यावर टेकूं लागतो, नाक किंचित् आकाशाकडे वळतें, आणि रस्त्यावर रिकामी उभी असतांनासुद्धां ती कुणाला तरी पाठीवर घेऊन उभी असल्यासारखी दिसते.

आमची अँबॅसडर अशी दिसूं लागली त्याला आतां तीन-चार वर्षें झालीं. वडिलांनीं ती १९८४ सालीं घेतली. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यांत ही गाडी होत असे. तिचें मूळ म्हणजे विलायती मॉरिस ऑक्सफर्ड. १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत थोड्याफार फरकानें ती तशीच निघत राहिली. तिची धाकटी प्रतिस्पर्धी पद्मिनी. त्या जातीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. अशा काळांत चाळीस वर्षांहून जुनी मोटार बाळगणें म्हणजे माळ्यावर पितळी हंडे बाळगण्यासारखें आहे. वापर थोडा आणि घासणें फार. आमच्या घरीं मात्र तिचें एक काम ठरलेलें आहे. महिन्यांतून दोनदां आईला मालवणहून कुडाळला डॉक्टरांकडे न्यावें लागतें. आईचें वय ब्याऐंशी. हाडें ठिसूळ झाल्यामुळें तिच्या पाठीचा एक मणका दबला आहे. नव्या मोटारींच्या खोलगट आसनांत तिला बसवत नाहीं. अँबॅसडरची मागची बैठक रुंद आणि सपाट; तिच्यावर तिला उशी घेऊन अर्धवट आडवें होतां येतें.

तेव्हां गाडीची पाठ वर उचलावी, याविषयीं आमच्या घरांत दुमत नव्हतें. ती किती उचलावी आणि कशासाठीं, याविषयीं मात्र जितकीं माणसें तितकीं मतें होतीं.

पहिलें मत माझ्या पुतण्याचें. तो पुण्याला अभियांत्रिकी शिकतो आणि गणपतीला घरीं येतो. त्यानें मला अमेरिकेंतल्या जुन्या गाड्यांचीं चित्रें दाखविलीं. १९६० नंतरच्या दहा-बारा वर्षांत तिकडे मोठ्या यंत्राच्या, अडदांड ताकदीच्या मोटारी निघाल्या. त्यांना 'मसल कार' म्हणतात. आपण त्यांना पैलवानी गाड्या म्हणूं. १९७० च्या सुमारास तेथल्या तरुणांना या गाड्यांची मागची बाजू उंच करण्याचा नाद लागला. मागें रुंद टायर बसावे हें एक कारण. शर्यतीच्या गाडीचें रूप यावें हें दुसरें, आणि बहुधा खरें कारण. कोणी हवा भरून उचलले जाणारे शॉक ॲब्सॉर्बर घालीत. कोणी पाट्याचें मागचें टोंक गाडीला जोडणारा लोखंडी दुवा, ज्याला शॅकल म्हणतात, तो लांब बसवीत. यांतली एक गंमत पुतण्यानेंच मला सांगितली: दुवा दोन इंच लांब केला, तर गाडीची पाठ सुमारें एकच इंच वर येते; कारण पाट्याचें पुढचें टोंक जागच्या जागींच असतें. चित्रांतली ती डॉज चार्जर मान खालीं घालून शिंगें रोखलेल्या बैलासारखी दिसत होती, हें कबूल केलें पाहिजे. शिवाय डॉज हें नांव आपल्याला परकें नाहीं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीनें मुंबईंत डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जोडणी केलेली आहे. "काका, चारच इंच वर घेऊं," पुतण्या म्हणाला. 'चारच' या शब्दांतला 'च' तारुण्याचा होता.

दुसरें मत आमच्या मिस्त्रीचें. त्याला रूपाशीं कर्तव्य नव्हतें, ओझ्याशीं होतें. "सर, एक पाटो वाढवया," तो म्हणाला, "मगे पाच माणसां आणि धा आंब्याच्यो पेटयो घातल्यात तरी गाडी दबूची नाय." कोंकणांतल्या माणसाला हा युक्तिवाद पटकन् पटतो. आमच्याकडे गाडी कधीं रिकामी जात नाहीं. जातांना आंबे, येतांना चाकरमानी, आणि दोन्ही वेळां नारळ.

तिसरें मत माझें, आणि तें अगदींच गद्य होतें. आमच्या घराकडे येणारी पाणंद जांभ्याची आहे. तीन पावसाळ्यांनीं तिच्यांत चाकोऱ्या पाडल्या, आणि मधला उंचवटा तसाच राहिला. त्या उंचवट्यावर सायलेन्सर घासल्याचा आवाज मला दररोज ऐकूं येई. तो आवाज थांबावा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा.

मी वाङ्मयाचा प्राध्यापक. पोलादाशीं माझा संबंध टांकापुरता. पण ज्या गोष्टीवर आपली आई बसणार, ती गोष्ट समजून घ्यावी म्हणून मी मिस्त्रीच्या शेडमध्यें एक दुपार काढली. पाट्यांचें तें जुडगें सोडवून त्यानें जमिनीवर मांडलें. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोंकांना डोळे. त्याच्याखालीं क्रमाक्रमानें आंखूड होत गेलेले पाटे, आणि सगळ्यांच्या मध्यावरून आरपार जाणारा एक बोल्ट. एखाद्या एकत्र कुटुंबाचा वृक्षच जणूं. अशा पोलादी कमानींवर गाडी झुलविण्याची युक्ति मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ओबाडाया इलियट नांवाच्या इंग्रज कारागिरानें घोडागाड्यांसाठीं ती रूढ केली. तिच्यामागचा नियम त्याहूनहि जुना. रॉबर्ट हूकनें तो १६७६ सालीं अक्षरांची उलथापालथ करून एका कोड्याच्या रूपांत जाहीर केला, आणि १६७८ सालीं उलगडून सांगितला. जेवढा भार, तेवढा वांक. विज्ञानांतला हा एक मोठा सिद्धान्त कोड्याच्या पोटीं जन्मला, याचें मला वाङ्मयाचा माणूस म्हणून नेहमींच कौतुक वाटतें.

पण माझ्या मनांत एक साधा प्रश्न उभा राहिला. इतके पातळ पाटे एकावर एक कशाला? त्याऐवजीं एकच जाड पट्टी कां नको? पुतण्यानें जमिनीवर खडूनें गणित मांडलें. पट्टीची जाडी दुप्पट केली, कीं तिचा ताठपणा दुप्पट होत नाहीं, आठपट होतो. तेच दोन पाटे सुटे ठेवून एकमेकांवर ठेवले, तर ताठपणा दुप्पटच राहतो. म्हणजे एकजीव झालेलें पोलाद हट्टी होतें, आणि सुटें राहून एकत्र आलेलें पोलाद समजूतदार राहतें. शिवाय खड्ड्यांत चाक गेलें, कीं हे पाटे एकमेकांवर किंचित् घसरतात, आणि त्या घर्षणांत धक्क्याचा थोडा भाग जिरून जातो. मात्र त्यांच्यामध्यें गंज बसला तर घसरणें थांबतें, आणि सुटे पाटे एकजीव झाल्यासारखे वागूं लागतात. आमच्या समुद्रकांठच्या खाऱ्या वाऱ्यानें नेमकें तेंच केलें होतें. गाडीची पाठ एकाच वेळीं खचलीहि होती आणि ताठहि झाली होती. म्हातारपणाचें याहून नेमकें वर्णन मला कोणत्याहि काव्यांत आढळलेलें नाहीं.

आतां मिस्त्रीच्या उपायाचा हिशेब. समजा सहा पाट्यांच्या जुडग्यांत सातवा घातला. ताठपणा साधारण सहाव्या हिश्श्यानें वाढला. दहा पेट्या घातल्या तरी गाडी दबणार नाहीं, हें खरें. पण ज्या दिवशीं पेट्या नाहींत, त्या दिवशीं काय? ज्या भारासाठीं पाटा वांकायचा, तो भारच नसेल, तर खड्ड्याचा धक्का वांकण्यांत खर्च न होतां सरळ वर जातो. आणि वर आईचा मणका. पुतण्याच्या चार इंचांचा हिशेबहि असाच. पाठ वर गेली, कीं पुढच्या दिव्यांचा झोत रस्त्यावर दूर न पडतां नाकासमोरच जमिनींत घुसतो. यंत्राकडून मागच्या चाकांकडे शक्ति नेणाऱ्या दांड्याचा कोन बदलतो, त्याचे सांधे कुरकुरूं लागतात, आणि दुरुस्तीला दुरुस्तीची पिलें होऊं लागतात. एका अवयवाची उंची ही त्या अवयवाची खाजगी बाब नसते, हें मला त्या दुपारीं कळलें.

तरीहि वाद मिटला नाहीं. रात्रीं जेवतांना तो पुन्हां निघाला. पुतण्या तीन इंचांवर उतरला. मी दोन म्हणत होतों. आई इतका वेळ मुकाट्यानें सोलकढी पीत होती. तिनें वाटी खालीं ठेवली आणि विचारलें, "पाठ उंच करशात, मगे माका चढवतलो कोण?"

आम्ही दोघेहि गप्प झालों. तीन इंच, दोन इंच, सहावा हिस्सा, आठपट, हे सगळे आंकडे ज्या एका माणसासाठीं चालले होते, त्या माणसाचा गुडघा किती उंच उचलला जातो, हा आंकडा कोणाच्याच हिशेबांत नव्हता. मोटारीच्या उंचीचें माप आम्ही जमिनीपासून घेत होतों. आई तें आपल्या पावलापासून घेत होती. तिचेंच माप खरें होतें, कारण जमिनीला कुडाळला जावयाचें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्रीला हें सांगितलें, तेव्हां तो हंसला. मग त्यानें मला एक गोष्ट सांगितली, ती त्याच्या धंद्यांतली असली तरी मी माझ्या धंद्यांत अनेकदां वापरतों. "गाडी रिकामी बघूं नको सर. माणसां बसान देत, मगे बघा." पाट्याची कमान रिकाम्या गाडींत कितीहि डौलदार दिसो; नेहमींचा भार आल्यावर ती जवळजवळ सपाट झाली पाहिजे, म्हणजे तिला वर-खालीं दोन्हीकडे जाण्यास जागा राहते. डौल ही भार येण्यापूर्वींची गोष्ट. भार आल्यावर उरते ती फक्त हालचालीची जागा. वर्गांत मुलें उत्तरें कशीं देतात, यावरून मी त्यांना पारखीत आलों आहें. पण परीक्षा म्हणजे कांहीं भार नव्हे. घरीं बाप आजारी असतांना जो मुलगा सकाळीं मासळीचा हिशेब करून अकराला वर्गांत येतो आणि तरीहि एखाद्या ओळीवर हंसूं शकतो, त्याची कमान खरी.

मासळीवरून कावड आठवली. बांबूच्या कावडीच्या दोन टोंकांना टोपल्या लावून बंदरावरून चालणारीं माणसें मीं लहानपणीं पुष्कळ पाहिलीं आहेत. ती कावड प्रत्येक पावलाला लवते. ती दुबळी म्हणून लवत नाहीं. ती लवली नाहीं, तर पावलागणिक बसणारा हिसका खांद्याला सोसावा लागेल. लोखंडाची कांब अधिक मजबूत खरी, पण ती खांद्यावर घेऊन बाजार गांठणारा मला अजून दिसलेला नाहीं. ओझें वाहणें आणि ओझ्यापुढें न वांकणें या दोन गोष्टी आपण एकच समजतों. पोलाद, बांबू आणि म्हाताऱ्या बायका तसें समजत नाहींत. माझ्या आईनें वडिलांमागें घर चालविलें, दोन मुलगे शिकविले, एकाला निरोप दिला. आणि या सगळ्या काळांत तिला कोणी 'ताठ बाई' म्हटल्याचें मला स्मरत नाहीं.

शेवटीं नवा पाटा घातला नाहीं. जुने पाटे लोहाराच्या भट्टींत लाल करून त्यांना मूळची कमान दिली, मग तेलांत विझवून पुन्हां मंद आंचेवर तापविलें. हें दुसरें तापविणें टाळलें तर पाटा कांचेसारखा तडकतो. आणि मुळांत न तापवितां नुसता हातोड्यानें ठोकून वर आणला तर कांहीं महिन्यांतच पुन्हां बसतो. पाट्यांमधला गंज घासून काढला, ग्रीस भरलें, डोळ्यांतले झिजलेले रबरी बुश बदलले. पाठ जेथें १९८४ सालीं होती, तेथें आली. तिच्या वर एक बोटभरहि नाहीं. पाणंदींतला उंचवटा मीं दोन गड्यांकडून खणून घेतला. मोटार उंच करण्यापेक्षां रस्ता सखल करणें पुष्कळदां स्वस्त पडतें, पण तें सुचतें मात्र सर्वांच्या शेवटीं.

राहिला पुतण्या. त्याची चार इंचांची हौस फुकट गेली, याचें मला वाईट वाटत होतें. पण पुण्याला जाण्याच्या आदल्या दिवशीं त्यानें माजघरांतला फणसाचा जुना पाट काढला, त्याच्या खालीं दोन्ही बाजूंना रबराच्या पट्ट्या ठोकल्या, आणि बरोबर चार इंच उंचीचे पाय लावून तो गाडींत ठेवून दिला. गाडीचें दार उघडावें, पाट खालीं ठेवावा, आजीनें त्यावर पाऊल ठेवून आंत बसावें. एक पाटा वाढविण्याऐवजीं त्यानें एक पाट वाढविला, आणि त्याचे चार इंच जेथें हवे होते तेथें पडले.

परवां कुडाळला गेलों. गाडी कशी चालते, हें मीं आईला विचारलें नाहीं. विचारलें असतें तर माझ्या समाधानासाठीं तिनें चांगलेंच सांगितलें असतें. आरशांत पाहिलें. एरव्हीं प्रत्येक खड्ड्यापूर्वीं तिचा हात पुढच्या आसनाच्या पाठीवर येऊन घट्ट होत असे. चौके येईपर्यंत तो हात मांडीवर सैल पडला होता, आणि तिला झोंप लागली होती.