स्पीगलबाईंचीं यंत्रवाद्यें

इ. स. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत अमेरिकेंतून व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडण्यांत आलीं. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक ध्वनिमुद्रिका आहे, आणि तींत सुरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ही गोष्ट मराठी घरांत अभिमानानें सांगितली जाते. तें योग्यच आहे. गोव्यांतील केरी गांवीं १८९२ सालीं जन्मलेल्या केसरबाई त्याच सप्टेंबरांत निवर्तल्या. त्यांचा स्वर मात्र २०१२ सालीं पहिल्या यानाबरोबर सूर्याचें प्रभावक्षेत्र ओलांडून गेला. परंतु त्याच ध्वनिमुद्रिकेवर आणखी एका स्त्रीची कृति आहे, व तिची वार्ता आमच्याकडे फारशी कोणी घेत नाहीं. न्यूयॉर्क येथील लॉरी स्पीगल या त्या बाई होत. केसरबाईंचें साधन गळा. या बाईंचें साधन संगणक.

त्यांनीं तेथें काय वाजविलें हें सांगण्याजोगें आहे. केप्लर या जर्मन ज्योतिर्विदानें १६१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत प्रत्येक ग्रहाच्या गतीस स्वर नेमून दिले होते. ग्रह सूर्याजवळ आला म्हणजे त्वरेनें चालतो, तेव्हां स्वर चढतो. दूर गेला म्हणजे मंदावतो, तेव्हां स्वर उतरतो. पंचांगगणितांतील मंदोच्च हा शब्द ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांस ही कल्पना समजावयास अडचण पडणार नाहीं. पृथ्वीचा चढउतार जेमतेम अर्ध्या स्वराचा, शुक्राचा त्याहूनहि अल्प, बुध मात्र सप्तक ओलांडून धांवतो. हें गान बुद्धीनें जाणावयाचें, कानांनीं नव्हे, असें खुद्द केप्लर मानीत असे. तें कानांस ऐकविण्याचें कार्य स्पीगलबाईंनीं संगणकाकडून ३५८ वर्षांनंतर करविलें.

यावरून त्या केवळ गणिती असाव्यात असा कोणाचा ग्रह होईल, तर तो यथार्थ नव्हे. १९४५ सालीं शिकागो शहरीं त्यांचा जन्म झाला. मँडोलिन त्यांस आजीपासून मिळालें. गिटार व बँजो त्यांनीं आपले आपण आत्मसात केले. महाविद्यालयांत त्यांचा विषय समाजशास्त्रें हा होता. पुढें न्यूयॉर्कच्या जुइलियार्ड संगीतशाळेंत त्या रचना शिकल्या, आणि ल्यूट हें जुनें युरोपीय तंतुवाद्यहि शिकल्या. म्हणजे हाताला वाद्य येत नाहीं म्हणून यंत्राचा आश्रय, असा प्रकार येथें मुळींच नाहीं. कागदावर रचना लिहिणाऱ्यास ती ऐकण्यासाठीं वादकांची वाट पाहावी लागते. विद्युत्-यंत्रावर रचना करणारा तत्क्षणीं ती ऐकतो व लगेच बदलतो. चित्रकाराला जें सुख कुंचला हातीं घेतल्याबरोबर लाभतें, तें संगीतरचनाकाराला येथें प्रथम लाभलें.

१९७३ पासून त्यांचें काम न्यू जर्सींतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंत सुरू झालें. संगणकाकडून संगीत वाजविण्याचा उपक्रम मॅक्स मॅथ्यूज यांनीं १९५७ सालीं केला तो येथेंच. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यानें १९७० च्या सुमारास ग्रूव्ह नांवाची योजना सिद्ध केली होती. तिची खुबी अशी कीं, तींत संगणक स्वतः ध्वनि काढीत नाहीं. ध्वनि काढणारीं विद्युत्-यंत्रें वेगळीं. संगणक फक्त वादकाच्या हाताची हालचाल लक्षांत ठेवतो. कळ कोणत्या क्षणीं किती फिरली, दाब किती पडला, हें सारें तो साठवितो, मग पाहिजे तेवढाच भाग बदलून पुनः वाजवूं देतो. भातखंडे व पलुसकर यांच्या स्वरलिपी आम्ही आदरानें वापरतों. परंतु त्यांत स्वर लिहिला जातो, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणारी मींड चिमटींतून निसटते. येथें नेमकी ती मींडच लिहिली जात होती. पुढें बाईंच्या ध्यानांत आलें कीं, साठविलेल्या हालचालीला ती ध्वनि हलविते कीं चित्र हलविते याचें सोयरसुतक नाहीं. त्यांनीं त्याच यंत्रणेवर पडद्यावरील आकार व रंग चालविण्याची व्हँपायर नांवाची योजना रचली. संगीतकार बाई चित्रकार झाल्या, त्या अशा.

पण यंत्र परक्याचें होतें. दशक संपतां संपतां तें मोडण्यांत आलें. फिती राहिल्या, वाद्य गेलें. आमच्याकडे तंबोऱ्याचा भोपळा तडकला तर तो मिरजेस धाडावा, तेथील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तेंच करीत आले आहेत. प्रयोगशाळेंतील खोलीभर यंत्राला असा मिरजकर कोठून मिळणार? जी रचना उद्यां निराळ्या रीतीनें वाजविणें हाच जिचा प्राण, ती त्या दिवसापासून फितीवर गोठली. कलावंताच्या स्वातंत्र्याची चर्चा आम्ही नेहमी विषय व विचार यांच्या संबंधानें करतों. साधन कोणाच्या मालकीचें, हें कोणी विचारीत नाहीं.

बाईंनीं तें विचारलें. १९८६ सालीं त्यांनीं म्यूझिक माउस हें साधन लिहून प्रसिद्ध केलें. तें प्रयोगशाळेंतील नव्हे, घरीं टेबलावर बसणाऱ्या मॅकिन्टॉश संगणकासाठीं; पुढें अमिगा व अटारी या संगणकांसाठींहि तें निघालें. एका हातानें माउस आडवा-उभा फिरवावा, दुसरा हात कळफलकावर ठेवून स्वरमाला, लय व जोर बदलावा. निवडलेल्या स्वरमालेबाहेर यंत्र जात नाहीं.

येथें शंका येईल कीं, चूक होऊंच देत नाहीं तें वाद्य कसलें? ती सर्वथा अनाठायीं नाहीं. पेटीचेहि स्वर बांधलेले, म्हणून १९४० ते १९७१ पर्यंत ती आकाशवाणीवर वर्ज्य होती! तथापि नियम व गायन या दोन वस्तु आहेत. तेराव्या शतकांतील शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकरांत सात स्वरांच्या ५०४० ताना मोजल्या, आणि कितवी तान कोणती हें काढण्याचें कोष्टकहि दिलें. कोष्टक गातें, असें कोणी म्हटलेलें नाहीं. आमच्या नातवाच्या संगणकावर याच धर्तीचें एक साधन आहे. त्यावर आम्हीं अर्धा तास माउस फिरविला. अर्ध्या तासांत एकहि स्वर बेसूर निघाला नाहीं, आणि ऐकण्याजोगें एकहि वाक्य निघालें नाहीं. त्याच जातीच्या नियमबद्ध यंत्रांवर स्पीगलबाईंनीं काय केलें, तें १९८० सालीं निघालेल्या ‘दि एक्स्पांडिंग युनिव्हर्स’ या ध्वनिमुद्रिकेंत ऐकावें. मुख्य रचना अर्ध्या तासाच्या घरांत जाते. ती आलाप ऐकण्याच्या संथपणानें ऐकावी लागते. घाईच्या माणसानें त्या वाटेस जाऊं नये.

म्यूझिक माउसच्या वांट्यासहि पुढें तेंच आलें. मॅकिन्टॉशची घडण बदलली व जुनें साधन नव्या यंत्रावर चालेनासें झालें. व्हॉयेजर धाडणारे या बाबतींत अधिक सावध म्हणावे लागतील. त्यांनीं ध्वनिमुद्रिकेसोबत ती वाजविण्याची सुईहि यानावर ठेविली आहे, आणि ती कशी लावावी, मुद्रिका किती वेगानें फिरवावी, याच्या आकृति झांकणावर कोरून दिल्या आहेत.