रस्त्यावर न आलेली मोटार

घोटावड्याच्या घरी मी ‘मीरा’चा विषय काढला, तेव्हा लेथवर आयुष्य घालवलेल्या वडिलांनी विचारले, “जी गाडी बाजारात आलीच नाही, तिचा कसला इतिहास?”

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९मध्ये पहिली दोन आसनी मोटार घडवली. पुढे सुधारत नेलेल्या ‘मीरा’चे इंजिन मागे होते. पोर्शे ३५६ या छोट्या स्पोर्ट्स कारचीही मांडणी तीच. इंजिन मागच्या चाकांजवळच असल्याने गाडीखालून जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट लागत नाही. वजन आणि खर्च दोन्ही वाचतात. कारखानदारी उत्पादन मात्र कधीच झाले नाही.

वडील थोडे थांबून म्हणाले, “शाफ्टच वगळला? मग लिही त्याच्यावर.”

प्रबंधातील ते प्रकरण मी त्याच रात्री सुरू केले.