दुरुस्तीवाल्याची बॅग

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यातही चित्रं दिसू लागली आणि दुरुस्तीवाल्याच्या खांद्याला नवी बॅग आली. रेडिओ काखेत मारून दुकानात नेता यायचा. लाकडी कॅबिनेटमधला टीव्ही कोण हलवणार? दुकानालाच घरी यावं लागे.

ती बॅग विकत मिळत नसे, शिवून घ्यावी लागे. जाड कॅनव्हास किंवा काळं रेक्झिन, आणि शिवणारा बहुधा गाड्यांच्या सीटची कव्हरं करणारा. त्याच्यासमोर फळीवर अवजारं मांडायची, भोवती खडूने रेघ मारायची. रेघ तिथे कप्पा. पक्कड, कटर, टेस्टर कडेला, अंधारातही हाताला लागतील असे. मधोमध मऊ कापडात काट्याचा मल्टीमीटर. निघताना त्याची खुंटी ‘ऑफ’वर आणायची, म्हणजे आतलं वेटोळं शॉर्ट होतं आणि सायकलच्या धक्क्यांनी काटा हेलकावत नाही. व्हॉल्व्ह त्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतच, वरच्या बाजूला. आणि एक हात-आरसा! टीव्हीच्या पाठीमागे बसून कंट्रोल फिरवताना समोरचं चित्र दिसावं म्हणून. तो आरसा मला त्या बॅगेतली सगळ्यात हुशार वस्तू वाटते.

२५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न तापायला काही मिनिटं घ्यायचं, तेवढ्यात चहा यायचा. खरी पंचाईत काम संपल्यावर. गरम आयर्न रेक्झिनमध्ये ठेवणार कसं? म्हणून पत्र्याची नळी, बॅगेच्या बाहेरच्या अंगाला.

आता यूएसबी-सीवर चालणारं, पेनाएवढं आयर्न काही सेकंदांत तीनशे अंशांवर जातं, पॉवर बँकेवरसुद्धा. मल्टीमीटर खिशात मावतो. बॅग निम्मी झाली, पण ती बेतणं माझ्या मते अवघड झालं आहे. पूर्वी जपायचं होतं ते धक्क्यापासून. आता स्थिर विजेपासून. नायलॉनच्या अस्तरावर घासून जमलेला हजार-दोन हजार व्होल्टचा भार आपल्या बोटाला जाणवतही नाही, आणि मॉसफेट जातीचा ट्रान्झिस्टर मात्र त्यात जाऊ शकतो. गुलाबी प्लॅस्टिकची पिशवी स्वतः भार तयार होऊ देत नाही इतकंच; बाहेरचा भार अडवायला धातूचा थर असलेली चंदेरी पिशवीच हवी. हा फरक ठाऊक नसलेल्या माणसाने बेतलेली बॅग कितीही देखणी असो, मला ती नको.

०४०२ मापाचा रेझिस्टर १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. कप्प्यात सुटा ठेवला की गेलाच. त्याला घट्ट झाकणाची डबी लागते. विमानाने जायचं तर पॉवर बँक हातातल्या सामानातच हवी आणि पेचकस-पकडी चेक-इनमध्ये, म्हणजे बॅगेच्या पोटात सुटी होणारी दुसरी छोटी बॅग आली.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत आज तयार बॅगा हव्या तेवढ्या मिळतात. स्वस्त आहेत, हलक्या आहेत, पण त्यांचे कप्पे सगळे एकसारखे. पूर्वीच्या बॅगेचा पुढचा पल्ला पूर्ण उघडून जमिनीवर पसरला की तोच कामाचा पाट व्हायचा. पडलेला स्क्रू त्यावरच राहायचा, यजमानांच्या सतरंजीत हरवायचा नाही. नव्या बॅगेत ही सोय मी हट्टाने मागतो, फक्त आत उष्णता सोसणारा सिलिकॉनचा तुकडा बसवून.

एक गोष्ट मात्र जुन्या बॅगेतही नव्हती: कापलेल्या तारांची आणि सोल्डरच्या थेंबांची डबी. नेहमीच्या सोल्डरमध्ये ६३ टक्के कथील असलं तरी उरलेलं ३७ टक्के शिसंच. ज्या घरात लहान मूल रांगतं, तिथल्या फरशीवर ते थेंब राहता कामा नयेत. नवी बॅग बेतायची तर या डबीची जागा आधी ठरवावी, बाकीचे कप्पे मग.