आमच्या गाडीचे वंगण

सल्ला देण्याच्या कामी आपले लोक फार उदार आहेत. प्रकृती, लग्न आणि मोटार या तीन विषयांत तर कोणी सल्ला विचारण्याची वाटही पाहत नाही. पहिल्या दोहोंच्या बाबतीत आम्ही पन्नाशी ओलांडेपर्यंत पुष्कळ सोसले आहे. तिसऱ्याची पाळी यंदा आली.

आमची मोटार हायब्रिड जातीची आहे. म्हणजे तिच्या पोटात पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर असा दुहेरी संसार आहे. २०२२ साली ती घेतली तेव्हा तीन वर्षांची हमी होती, आणि त्या मुदतीत तिच्या इंजिनात कोणते तेल पडते याची विचारपूस करण्याचे आम्हांस कारण नव्हते. मुदत संपली आणि ती काळजी आमच्या गळ्यात आली. आमच्या नोकरीची थोडी वर्षे उरली आहेत. यापुढे दुसरी नवी मोटार घेण्याचा योग दिसत नाही. तेव्हा या इंजिनाने शेवटपर्यंत सोबत करावी, एवढीच आमची इच्छा. आमच्या जुन्या गाडीला ज्याने अठरा वर्षे चालती ठेविली, त्या कळमन्यातल्या मिस्त्रीकडे जावयाचे ठरले.

कळमना म्हणजे नागपूरचे पोट. संत्री, मिरची, धान्य, भाजी सारे येथल्या बाजाराच्या आवारात उतरते, आणि त्याबरोबर देशभरचे ट्रकही. येथल्या मिस्त्रीलोकांची विद्या ट्रकांवर पोसलेली आहे. तापलेले डिझेलचे इंजिन, डोक्यावर वैशाखाचे ऊन आणि पाठीवर दहा टनांचे ओझे, ही त्यांची नित्याची कसोटी. त्या कसोटीस जे उतरते ते १५डब्ल्यू-४० जातीचे दाट तेल. त्याचे भले मोठे पिंप आमच्या मिस्त्रीच्या दुकानात देवाच्या जागी उभे असते. आम्ही पुस्तिका उघडून ‘०डब्ल्यू-२०’ असे वाचून दाखविताच तो हसला. “सर, हे तर पाणी आहे पाणी. आपल्या नागपुरात टिकंल का हे?” घरच्या मंडळींचे मतही तेच पडले, आणि शेजाऱ्यांनी त्यास अनुमोदन दिले.

नागपूरच्या उन्हाचा अभिमान आम्हांसही आहे. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंशांचा उच्चांक झाला, हे आमच्या शहरातील मुले पाढ्यासारखे म्हणतात. ३० मे २०२४ रोजी तर एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखविले, आणि यंत्र बिघडले होते असे हवामान खात्याने सांगितल्यावर काही मंडळी चक्क हिरमुसली! परंतु इंजिनातील तेलाचा प्रश्न अंगणातील उन्हावर सुटावयाचा नाही, असे आमचे मत दिवसेंदिवस दृढ होत गेले.

तेलाच्या दाटपणास शास्त्रीय ग्रंथांत श्यानता म्हणतात. आमच्या मातोश्रींस हा शब्द ठाऊक नव्हता, पण वस्तू ठाऊक होती. पाक एकतारी झाला की दोनतारी हे त्या चिमटीत धरून सांगत, आणि तेही चुलीवरचा उतरवून थोडा निवल्यावर. कारण गरम असताना प्रत्येक पाक पातळच दिसतो. तेलाच्या डब्यावरचे दोन आकडे म्हणजे अशाच दोन परीक्षा होत. ‘डब्ल्यू’ हे विंटर या शब्दाचे आद्याक्षर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतील वागणूक सांगतो, आणि पुढचा १०० अंशांवरील दाटपणा सांगतो. विसाच्या तेलाचा त्या उष्णतेतील दाटपणा ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक असतो, चाळिसाच्या तेलाचा १२.५ ते १६.३. खोलीतल्या साध्या पाण्याचा सुमारे १ असतो. म्हणजे मिस्त्री ज्यास पाणी म्हणतो ते उकळत्या पाण्याइतके तापले तरी माठातल्या पाण्याच्या सातपट दाट असते.

हे पातळ तेल लोखंडाचे ओझे कसे पेलते, याची गोष्ट मोठी मौजेची आहे. १८८३ च्या सुमारास बोशँप टॉवर नावाचा इंग्रज अभियंता आगगाडीच्या आसाच्या वंगणाचे प्रयोग करीत होता. त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले, तर त्यातून तेल वर येऊ लागले. त्याने बूच बसविले, ते उडाले. लाकडाची खुंटी ठोकली. तीही बाहेर आली. तेव्हा दाबमापक लावून पाहिला, आणि आसावरच्या सरासरी भाराच्या दुपटीचा दाब त्यावर दिसला. फिरता आस स्वतःच तेल ओढून आपल्याखाली पाचर मारतो आणि तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो, असा त्याचा अर्थ. ओसबोर्न रेनॉल्ड्सने १८८६ साली त्याचे गणित मांडले. आपले बंडीवाले चाकाला एरंडेल घालीत ते याच कामासाठी. कॅस्ट्रॉल या प्रसिद्ध तेलाचे नावही एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच पडले आहे. तेव्हा तेल जितके दाट तितके चांगले, हा नियम नव्हे. आसाची फिरण्याची गती, त्यावरचा भार आणि दोन धातूंमधली फट यांस जे जुळेल ते चांगले. फट बारीक ठेवून ज्याने इंजिन घडविले, त्याला ती ठाऊक असते.

आता उन्हाविषयी. चालत्या इंजिनातील पाण्याची उष्णता ८०-९० अंशांच्या आसपास राहील अशी त्यात योजना असते, आणि तेल शंभराच्या आगेमागे राहते. बाहेर पौषातली सकाळ असो की वैशाखातली दुपार, इंजिन आपल्यापुरता एकच ऋतू करून राहते. हायब्रिडच्या बाबतीत तर गंमत उलटीच आहे. सिग्नलला, गर्दीत, उतारावर हे इंजिन झोपी जाते, आणि हाक मारली की मोटर त्यास गरगर फिरवून जागे करते. आमचे घर ते महाविद्यालय एवढ्या वाटेत ते कित्येकदा उठते-बसते. धड तापावयास त्यास सवड मिळत नाही. निवलेल्या स्थितीत १५डब्ल्यू-४० हे तेल ०डब्ल्यू-२० च्या अडीचपट दाट असते. वारंवार जागे होणाऱ्या इंजिनास काकवी पाजण्यात शहाणपण नाही.

हे सारे आम्ही मिस्त्रीस पुस्तिकेची पाने उलटीत, मराठी करीत सांगितले. ती पुस्तिका केवळ इंग्रजीत आहे. ज्यांच्या हातून गाड्या दुरुस्त व्हावयाच्या त्यांस वाचता येऊ नये अशा भाषेत ती छापण्याचे कारण आम्हांस समजत नाही. त्याने नटबोल्ट पुसत सगळे ऐकले, आणि मग पुस्तिकेत कोठेही न मांडलेला प्रश्न विचारला. “हे इंजिन तापतच नाही धड, मंग त्याच्यातलं पाणी जाते कुठं?” एक किलो पेट्रोल जळले म्हणजे सुमारे १.४ किलो पाण्याची वाफ होते. त्यातला थोडा अंश तेलात उतरतो आणि इंजिन खूप तापल्याखेरीज उडून जात नाही. न जळलेले पेट्रोलही असेच मुरते. मिस्त्रीने हे रसायन वाचलेले नव्हते. परंतु बाजारापुरत्याच फिरणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गाड्यांचे तेलाचे झाकण उघडले की आत ताकावरच्या लोण्यासारखा पांढरा थर असतो, हे त्याने शेकडो वेळा बोटाने पुसून पाहिले होते. “सर, दाट-पातळ तुम्ही म्हणाल ते. पण तेल किलोमीटर पाहून नका बदलू. वर्ष झालं का काढून टाका.” पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर अथवा एक वर्ष, यांपैकी जे आधी घडेल ते, असे होतेच, पण त्यातले दुसरे कलम महत्त्वाचे का, हे आम्हांस त्याच्यामुळे कळले. आमची गाडी वर्षाला चार हजारही चालत नाही.

त्याच्या पहिल्या आग्रहातही तथ्याचा अंश होता, हे नमूद केले पाहिजे. आमच्याच पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० तेलास परवानगी आहे, आणि सतत वेगाने किंवा भाराने गाडी हाकणाऱ्यास अधिक दाट तेल मानवेल असेही सुचविले आहे. पातळ तेलाने पेट्रोल वाचते, आणि कारखानदारांस ती बचत सरकारदरबारी दाखवावयाची असते, हेही खोटे नाही. समृद्धी महामार्गावरून भर उन्हाळ्यात ७०१ किलोमीटर मुंबई गाठण्याचा ज्याचा नेहमीचा रिवाज असेल, त्याने तिशीचे तेल घातले तर आम्ही त्यास नावे ठेवणार नाही. चाळिसाचे मात्र त्या यादीत नाही.

०डब्ल्यू-२० कळमन्यात मिळाले नाही. शहरातून डबे आणविण्यात दोन दिवस गेले. मिस्त्रीने जुने तेल काढले, पांढऱ्या कागदावर त्याचा थेंब टाकून बराच वेळ पाहिला, नव्याचा दुसरा थेंब शेजारी टाकला, आणि तो कागद पिंपाच्या वरच्या खिळ्याला अडकविला. तारीख त्याने आमच्याकडून लिहून घेतली.