खिडकींतून दिसलेलें मैदान

बार्सेलोनाच्या ‘कॅम्प नोऊ’ या फुटबॉल-मैदानाचें नूतनीकरण २०२३ सालीं सुरू झालें. एके दिवशीं शाळा सुटल्यावर वर्गांतलीं कांहीं मुलें तेथील कामावर रोखलेल्या कॅमेऱ्याचें चित्र पाहत, लोखंडी याऱ्या मोजीत बसलेलीं आढळलीं. दिंडोशींत बसून स्पेनांतल्या याऱ्या! मी रागें भरणारच होतों. तों मला माझे वडील आठवले.

२०११ च्या विश्वचषकासाठीं वानखेडे मैदानाची पुनर्बांधणी चालली होती, तेव्हां वडील मालाडहून चर्चगेटला नोकरीस जात. मरीन लाइन्स सुटलें कीं गर्दींतून मान उंचावून ते समुद्राच्या बाजूच्या खिडकींतून पाहत. क्षणभरच तें दर्शन! पण रात्रीं प्रार्थना होऊन आम्ही जेवावयास बसलों कीं त्याची बातमी मिळेच.

१९७५ सालीं तेथील पहिल्या कसोटींत क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद २४२ धावा त्यांनीं ज्या कट्ट्यावर बसून पाहिल्या, तो पाडला गेला, त्या रात्रीं ते फारसे जेवले नाहींत. आईस वाटलें, ताप आला असावा.

नव्या मैदानांत आसनें सुमारें ३३,०००. परंतु अंतिम सामन्यासाठीं सर्वसामान्यांच्या वांट्यास आलेलीं तिकिटें जेमतेम ४,०००. वडिलांस मिळालें नाहीं. २ एप्रिलला धोनीचा षट्कार प्रेक्षकांत पडला, आम्ही ओरडलों, ते मात्र दूरदर्शनच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, “हें छप्पर चढतांना मीं पाहिलें आहे.”

मीं मुलांजवळ खुर्ची ओढली आणि विचारलें, “आज काय चढलें रे?”